वायफायचा पासवर्ड काउंटरवर लावू नका (हो, मीच सांगितलं होतं लावा म्हणून)



गेल्या महिन्यात लालबागला एका ताईंकडे गेले होते. आपल्या मागच्या बॅचमधल्या. घरीच फराळाचं करतात, चकली, शेव, बेसनाचे लाडू. चाळीतल्या दोन खोल्या, आणि दिवाळीआधीचा दीड महिना अख्ख्या घराचा कारखाना झालेला असतो. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, हिशोब लॅपटॉपवर असतो. मला त्यांचा ऑर्डरचा तक्ता बघायचा होता आणि माझ्या फोनला रेंज येईना. म्हणून विचारलं, "ताई, वायफायचा पासवर्ड काय?"

ताई स्वयंपाकघरातून काही बोलायच्या आत बाहेर गॅलरीत खेळणारा सात-आठ वर्षांचा पोरगा ओरडला, "एक ते आठ!"

पोरगा त्यांचा नव्हता. शेजारचाही नव्हता. वरच्या मजल्यावरचा होता.

आम्ही दोघी खूप हसलो. मग ताई जरा अभिमानानेच म्हणाल्या, "आपल्याकडे नाही म्हणत नाहीत गं कोणाला. पोरांचा अभ्यास होतो, म्हाताऱ्यांची भजनं चालतात. मला काय फरक पडतो? पैसे महिन्याला तेवढेच."

खरं सांगू, मला हे बोलणं आवडलं. मी या भागातच वाढले. आमच्या मजल्यावर एकाच घरी फोन होता आणि बाकी सगळ्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर त्यांचाच नंबर छापलेला असायचा, पुढे कंसात पी. पी. नवीन वाचकांना हे पी. पी. म्हणजे काय ते आईबाबांना विचारावं लागेल. शेजाऱ्यांचा नंबर आपला म्हणून द्यायचा, आणि कोणी फोन केला की ते गॅलरीतून हाक मारणार. कित्येकांचे धंदे या पी. पी. नंबरवर उभे राहिलेत. त्यामुळे "शेजाऱ्यापाजाऱ्यांना वायफाय देऊ नका, कलियुग आहे" असलं काही मी तुम्हाला सांगणार नाहीये.

पण त्या फोनमध्ये आणि या वायफायमध्ये एक मोठा फरक आहे. तो फोन काकूंच्या शोकेसवर होता. कोण आलं, कोणाशी बोललं, किती वेळ बोललं, हे काकूंना दिसायचं. (नको तेवढं दिसायचं.) वायफायचं तसं नाही. ते भिंतीतून जातं, जिन्यात जातं, खालच्या रस्त्यावर जातं, आणि त्याचा वापर करणारा माणूस तुमच्या दारात उभा राहत नाही.

त्या दिवशी आम्ही ताईंच्या राऊटरचं ॲप उघडून आत्ता कोणकोण जोडलेलं आहे त्याची यादी बघितली. चौदा नावं. ताईंना पाच ओळखता आली. मग त्या गॅलरीत जाऊन एकेकाला विचारत सुटल्या. दोन कॉलेजची पोरं, एक आजोबा, शेजारच्या घरातला टीव्ही. सगळं करून तीन नावं उरली, ती कोणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. आणि त्याच वायफायवर, त्याच वेळी, ताईंचा लॅपटॉप होता, ज्यात साडेचारशे गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, मोबाईल नंबर आणि कोणाकडून किती उधारी यायची आहे ते सगळं होतं.

ताई गप्प झाल्या. मी पण झाले, कारण मला माझी गोष्ट आठवली. ती मी आजपर्यंत व्हिडिओत सांगितलेली नाही.

माझं चिंचपोकळीला पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहे. डबे, पाऊच, कागदी पिशव्या, लेबलं. चिवडा गल्ली जवळ, मसाल्याची दुकानं जवळ, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये मसाल्याचा सीझन आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत फराळाचा. तीन-चार वर्षांपूर्वी मी एका व्हिडिओत अगदी ठासून सांगितलं होतं, दुकानात फुकट वायफाय द्या, पासवर्ड काउंटरवर छापून लावा, गिऱ्हाईक पाच मिनिटं जास्त थांबतं, आणि थांबलं की घेतं. बीबीएला असंच काहीतरी शिकवलं होतं, कॉफी शॉपचं उदाहरण देऊन. माझ्या काउंटरवर तशी पाटी होती. पासवर्ड म्हणजे दुकानाचा मोबाईल नंबर. गणपतीच्या आगमनाला आमच्याकडे पुलाखाली जी गर्दी होते त्यात मोबाईलचं नेटवर्क पार बसतं, तेव्हा तर लोक पाटीचा फोटो काढून एकमेकांना पाठवायचे. मला त्याचं कौतुक वाटायचं.

दुकानात बिलिंगचा कॉम्प्युटर आहे. माळ्यावर स्टॉक, तिथे एक जुना लॅपटॉप. खालची फाईल वर दिसावी म्हणून मी कॉम्प्युटरवरचं एक फोल्डर शेअर करून ठेवलं होतं, पासवर्डशिवाय. दर वेळी पासवर्ड टाकायचा कंटाळा, दुसरं काय. त्या फोल्डरमध्ये खरेदीभावाची फाईल होती. कुठल्या पार्टीकडून कुठला माल काय दराने येतो ते सगळं.

एके वर्षी गणपती झाल्यावर एक जुनं गिऱ्हाईक आलं. घाऊक घेणारे, वर्षानुवर्षांचे. पाव किलोचा झाकणवाला डबा मी त्यांना सव्वापाच रुपयांना द्यायचे. त्यांनी डबा हातात घेतला, उलटा केला आणि अगदी सहज म्हणाले, "ताई, चार रुपये दहा पैशाला पडतो ना तुम्हाला? चार चाळीस घ्या की."

चार दहा. पैशापर्यंत बरोबर.

त्या चार चाळीसमध्ये माझं भाडं, माणूस, हमाली, तुटफूट काहीच बसत नव्हतं. पण ज्याला आपला खरेदीभाव माहीत आहे त्याच्यासमोर काय बोलणार? शेवटी चार सत्तरला दिला, आणि त्या सीझनला त्यांच्या ओळखीच्या आणखी दोघांनी तोच भाव मागितला. पैशाचं नुकसान झालंच. पण ते भरून निघालं. जे भरून निघालं नाही ते वेगळंच आहे.

मला वाटलं, फाईल बघणारे दोघंच, मी आणि माझ्याकडे काम करणारा मुलगा. चार वर्षं होता. माल लावायचा, बिलं करायचा, किल्ली त्याच्याकडे असायची. मी त्याला विचारलं. नुसतं विचारलं नाही, दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना विचारलं. तो म्हणाला, "ताई, मी नाही सांगितलं." एवढंच. महिना भरला तसा पगार घेतला, डबा पिशवीत घातला आणि गेला.

दिवाळीनंतर हिशोब मिटवायला तेच गिऱ्हाईक आलं. चहा पिता पिता स्वतःच हसत म्हणाले, "अहो, तुमच्याच वायफायवर दिसत होतं. माझा पोरगा ऑर्डरची वाट बघत बसला होता, मोबाईलमध्ये काहीतरी उघडलं आणि तुमचा कॉम्प्युटर आला समोर. म्हटलं, आपोआप आलंय तर बघू या." त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. उघडं होतं, बघितलं.

मी त्या मुलाला फोन केला, माफी मागितली. नीट बोलला. दुसरीकडे कामाला लागला होता. परत आला नाही.

मंडळी, वायफायचा पासवर्ड म्हटलं की आपल्याला वाटतं हा कॉम्प्युटरवाल्या पोरांचा विषय आहे. मला तो तेव्हापासून धंद्याचा विषय वाटतो, गल्ल्याच्या किल्लीइतकाच. कारण दार उघडं राहिलं की माल जातोच असं नाही. कधी कधी माल जागेवर राहतो आणि ज्याच्यावर विश्वास होता तो माणूस जातो.

ही झाली गल्लीतली गोष्ट. आता आपल्याच मुंबईत घडलेली मोठी गोष्ट सांगते, कारण "फार तर काय होईल, कोणी दोन सिनेमे डाउनलोड करेल" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते.

२६ जुलै २००८, शनिवार. मी तेव्हा बारावीला होते. संध्याकाळी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी टीव्ही वाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. इंटरनेटवर तुम्ही काहीही पाठवलं की कुठल्या कनेक्शनवरून गेलं त्याचा एक पत्ता मागे राहतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. तो पत्ता काढत काढत एटीएस पोचली नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी. वायफाय त्यांचं, बिल त्यांच्या नावाचं. घराची झडती, कॉम्प्युटर जप्त, चौकशीवर चौकशी, पेपरात रोज नाव. त्यांचा त्या कटाशी काही संबंध नव्हता. घरातलं वायफाय असुरक्षित होतं आणि दुसऱ्याच कोणीतरी ते बाहेरून वापरलं होतं.

लोक म्हणाले, परदेशी माणूस, त्याला इथलं काय कळणार. मग २३ ऑगस्टला आणखी एक ईमेल आला, तो निघाला माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून. म्हणजे आपल्यापासून सेंट्रल लाईनने चार स्टेशनं. आणि १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले तेव्हाचा ईमेल चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या वायफायवरून गेला होता. पोलिसांच्या म्हणण्यानुसार कॉम्प्युटरची चांगली जाण असलेली माणसं मुंबईत फिरून अशी उघडी कनेक्शनं शोधत होती. घर, कॉलेज, कंपनी. तिघांनाही आपल्या वायफायवरून काय गेलं त्याचा पत्ता नव्हता, पोलीस दारात येईपर्यंत.

जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी काय केलं माहीत आहे? पोलिसांची पथकं लॅपटॉप-मोबाईल घेऊन शहरात फिरणार, कुठे उघडं वायफाय सापडतं का बघणार आणि सापडलं तर मालकाला नोटीस देणार, असं जाहीर केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या, सार्वजनिक ठिकाणी वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे, ओळखपत्राने किंवा मोबाईलवर एसएमएस पाठवून. आज रेल्वे स्टेशनवर फुकट वायफाय घ्यायला गेलं की आधी मोबाईल नंबर आणि ओटीपी मागतात, आणि आपण चिडतो. त्या ओटीपीच्या मागे ही सगळी २००८ची कहाणी आहे.

एवढं होऊन सगळे शहाणे झाले असतील असं वाटेल. ७ डिसेंबर २०१० ला वाराणसीत स्फोट झाला. ईमेलचा माग पुन्हा नवी मुंबईत आला. या वेळी वाशीतलं एक घर. पुन्हा उघडं वायफाय.

तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाहीये. तुमच्या चिवड्याच्या धंद्यावरून उद्या कोणी दहशतवादी ईमेल पाठवेल याची शक्यता अगदी नगण्य आहे. पण ईमेल धमकीचाच असायला हवा असं थोडीच आहे? आज पोलीस ठाण्यात ज्या तक्रारी येतात त्यात खोटं अकाउंट काढून मुलीला त्रास देणं असतं, कोणाच्या नावाने कर्ज मागणं असतं, फसवणुकीचे मेसेज असतात. त्यातलं एखादं तुमच्या कनेक्शनवरून गेलं तर पहिला पत्ता तुमचाच निघणार. तुम्ही गुन्हेगार ठरत नाही, हे खरं. पण "मी नव्हतो" हे सांगायला तुम्हाला जावं लागतं, आणि तेवढे दिवस लॅपटॉप त्यांच्याकडे राहिला तर ऑर्डरी कोण काढणार? मोठ्या कंपनीकडे दुसरा लॅपटॉप असतो, वकील असतो. आपल्याकडे आपणच असतो. म्हणून मला वाटतं, हा विषय मोठ्या कंपनीपेक्षा घरी धंदा करणाऱ्याला जास्त लागू आहे.

आता एक उलट बाजूही सांगते, कारण हल्ली या विषयावर भीती विकणारे फार झालेत. "वायफायवरून तुमचा यूपीआय पिन चोरला जातो", "कॅफेत बसून बँकेचं ॲप उघडलं की खातं साफ" वगैरे. बँकांची ॲप्स, यूपीआय, बहुतेक वेबसाइट्स आज आपला मजकूर आपणच कुलूपबंद करून पाठवतात. त्याच वायफायवर बसलेल्या माणसाला तो सहज वाचता येत नाही. लोकांचे पैसे जास्त करून जातात ते फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेतल्याने किंवा नको त्या लिंकवर दाबल्याने. तसं काही झालंच तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० ला फोन करा, हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. पण वायफायच्या नावाने कोणी हजारो रुपयांचं सॉफ्टवेअर विकायला आलं तर आधी मला विचारा. तुमची दुखरी जागा वेगळी आहे: शेअर केलेलं फोल्डर, प्रिंटर, सीसीटीव्हीचा डबा ज्याचा पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवला तोच आहे, आणि कनेक्शनवरचं तुमचं नाव. यासाठी एक रुपया खर्च नाही. अर्धा तास खर्च आहे.

त्या अर्ध्या तासात काय करायचं ते बोलू.

आधी पासवर्ड. वायफायचा पासवर्ड कमीत कमी आठ अक्षरांचा लागतो, म्हणून निम्मी मुंबई एक ते आठ ठेवते. उरलेली निम्मी मोबाईल नंबर ठेवते, माझ्यासारखी. मोबाईल नंबर का वाईट, ते नीट समजून घ्या, कारण लोकांना दहा आकडे म्हणजे खूप वाटतात. तुमचा फोन राऊटरला जोडला जाताना दोघांत ओळख पटवायची एक छोटी देवाणघेवाण होते. ती कोणी बाहेर उभं राहून टिपली तर नंतर घरी बसून निवांत अंदाज लावता येतात, हा पासवर्ड असेल का, तो असेल का. तुमच्या राऊटरला त्याची गंधवार्ताही नसते. आपल्याकडचे मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्य नंबर ४०० कोटी. गेम खेळायला पोरं कॉम्प्युटरमध्ये जे ग्राफिक्स कार्ड टाकतात, तसलं एखादं बरं कार्ड सेकंदाला चार लाख अंदाज तपासू शकतं. करा भागाकार. दहा हजार सेकंद. पावणेतीन तासांत भारतातले सगळे शक्य मोबाईल नंबर तपासून होतात. २०२१ मध्ये एका संशोधकाने तेल अवीव शहरात फिरून ५००० वायफायची अशी माहिती टिपली आणि त्यातल्या ७० टक्क्यांहून जास्त पासवर्ड शोधून दाखवले. त्यातही लोकांचे मोबाईल नंबर भरपूर होते. आणि माझ्या दुकानाचा नंबर शोधायला तर ग्राफिक्स कार्डही नको होतं, तो बोर्डावरच मोठ्या अक्षरांत लिहिलाय!

मग काय ठेवायचं? उद्गारचिन्हं, आकडे, मोठी-छोटी अक्षरं यांची खिचडी करायची गरज नाही, ती आपल्यालाच आठवत नाही आणि मग चिठ्ठी चिकटवावी लागते. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द घ्या आणि इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. खलबत्ता, छत्री, पाणबुडी, सोमवार. असं काहीतरी. (हे नको, मी आता छापलंय.) ६३ अक्षरांपर्यंत जागा असते. दुकानाचं नाव, मुलांची नावं, गणपतीचं नाव यातलं काही घालू नका. लालबाग-परळमध्ये बाप्पाच्या नावाने किती पासवर्ड असतील याचा अंदाज लावायला संशोधक लागत नाही.

पण मला विचाराल तर पासवर्डपेक्षा मोठं काम पुढचं आहे, आणि ते जवळजवळ कोणीच करत नाही. ते म्हणजे गेस्ट नेटवर्क. आजच्या बहुतेक राऊटरमध्ये एकाच कनेक्शनवर दोन वायफाय चालवायची सोय असते. एक तुमचं, एक पाहुण्यांचं. दोघांची नावं वेगळी, पासवर्ड वेगळे. पाहुण्यांच्या वायफायवर असलेल्याला इंटरनेट मिळतं, पण तुमचा कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरा दिसत नाही. फक्त चालू करताना एकदा तपासून बघा, गेस्टवरून खरंच काही दिसत नाही ना. काही राऊटरमध्ये "आतल्या नेटवर्कला परवानगी" अशा अर्थाची एक खूण असते, ती काढून टाकायची. आपल्या चाळीच्या स्वभावाला यापेक्षा चांगला तोडगा मला तरी सापडलेला नाही. कोणाला नाही म्हणायला नको आणि घरही उघडं नको. ओटीवर बसा, चहा घ्या, आतल्या खोलीत मात्र आम्हीच. गेस्टचा पासवर्ड दर महिन्याला बदलायचा. गिऱ्हाइकाने मागितला तर द्यायचा, पण पाटी लावायची नाही, म्हणजे निदान मागणाऱ्याचा चेहरा तरी आपण बघितलेला असतो.

एक लक्षात ठेवा. गेस्टवरून काही वाकडं गेलं तरी पत्ता तुमचाच निघतो, कारण कनेक्शन तेच. त्यामुळे गेस्टसुद्धा मोकाट सोडायचं नाही. ज्याला रोज अनोळखी लोकांना वायफाय द्यायचंच आहे, म्हणजे चहाचं दुकान, झेरॉक्सवाला, सलून, त्याच्यासाठी सरकारची पीएम-वाणी म्हणून योजना आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० ला मंजूर केली. यात छोटा दुकानदार परवाना न काढता, नोंदणी फी न भरता सार्वजनिक वायफाय देऊ शकतो, त्याचे पैसेही घेऊ शकतो. वापरणाऱ्याची ओळख ठेवायची जबाबदारी मधली कंपनी सांभाळते. त्यात किती सुटतं हा वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे, आणि माझं मत आहे की बऱ्याच ठिकाणी फार सुटत नाही. पण रस्ता रीतसर आहे. शेजारच्या चार घरांकडून दीडशे-दीडशे घेऊन आपलं कनेक्शन वाटणं मात्र रीतसर नाही, इंटरनेट कंपनीबरोबरच्या कराराच्या अटी एकदा वाचा.

बाकीची कामं झटपट. राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड वेगळा असतो, तो कंपनीतून आलेला तसाच असतो आणि बऱ्याचदा "ॲडमिन" असाच असतो, तो बदला. नाहीतर वायफाय जोडलेला कोणीही आत शिरून तुम्हालाच बाहेर काढू शकतो. सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए-टू किंवा डब्ल्यूपीए-थ्री निवडा. डब्ल्यूईपी दिसलं तर ते कुलूप २००१ मध्येच फुटलंय, राऊटर इतका जुना असेल तर सरळ बदला. डब्ल्यूपीएस नावाचं बटण किंवा पर्याय असेल तर बंद करा. त्यातला आठ आकडी पिन दिसायला मोठा, पण जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं आहे. सीसीटीव्हीचा पासवर्ड आजच बदला. आणि कामावरचा माणूस सोडून गेला की त्याच दिवशी वायफायचा पासवर्ड बदला, तो कितीही चांगला असला तरी. त्याच्यावर संशय म्हणून नाही. उद्या काही झालं तर त्याचं नाव तुमच्या मनातसुद्धा येऊ नये म्हणून. हे मी कुठून शिकले ते वर सांगितलंच आहे.

तुमच्याकडे गिऱ्हाइकांचे नंबर आणि पत्ते असतील तर हेही ऐका. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. लोकांची माहिती तुमच्याकडे असेल तर ती वाजवी काळजी घेऊन जपणं ही तुमची जबाबदारी आहे, असं तो कायदा म्हणतो. कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा, त्या ताईंच्या साडेचारशे गिऱ्हाइकांनी आपला पत्ता दिला तो लाडू घरी यावेत म्हणून.

"ताई, पासवर्ड बदलला तर शेजारी काय म्हणतील?" हा प्रश्न मला खरंच येतो, आणि मी त्याला हसत नाही. चाळीत संबंध बिघडणं म्हणजे नळाच्या वेळेपासून पार्सल घेण्यापर्यंत सगळं बिघडणं. मी म्हणेन, कारण खरं ते सांगा. "धंद्याचा हिशोब आहे त्यात, तुमच्यासाठी वेगळं केलंय." लोकांना कळतं. जो एवढ्यावरून रुसतो तो दिवाळीला भाव कमी करा म्हणूनही रुसणारच होता.

लालबागच्या ताईंकडे आम्ही त्याच दुपारी दोन वायफाय केली. आतल्यावर आता चार गोष्टी आहेत: त्यांचा फोन, यजमानांचा फोन, लॅपटॉप आणि प्रिंटर. पाहुण्यांच्या वायफायला काय नाव द्यायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी "फराळाला या" असं ठेवलं, म्हणजे खालून जाणाऱ्याच्या फोनवरसुद्धा जाहिरात. शेजारच्या टीव्हीलाही नवीन पासवर्ड मिळाला. त्या तीन अनोळखी नावांपैकी कोणीही आजपर्यंत तो मागायला आलेलं नाही.

आणि वरच्या मजल्यावरचा तो पोरगा? दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा. "काकू, एक ते आठ चालत नाहीये." ताईंनी त्याला नवीन पासवर्ड सांगितला आणि बजावलं, ओरडायचं नाही. त्याने मान डोलावली. आता तो कोणी विचारलं की जवळ येऊन कानात सांगतो.